नळीचा कॅमेरा

माळ्यावरची ट्रंक खाली काढू नको, तिच्यात झुरळांशिवाय काही नाही, असं मी मुलीला सांगितलं होतं. ती माझं ऐकत नाही, आणि एका परीनं बरंच करते. मी माझ्या आईवडिलांचं सगळं ऐकलं, त्यातून काय मिळालं ते पुढे सांगतेच. तर तिनं ट्रंक काढली आणि जुन्या रजईखाली तो कॅमेरा निघाला. चामड्याची पिशवी वाळून कडक झाली होती, पट्ट्याचे टाके उसवले होते. बटण ओढून पिशवी उघडली तसा आतला वास बाहेर आला. मशीनचं तेल, डांबराच्या गोळ्या आणि अप्पांची तपकीर. अप्पा म्हणजे माझे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तपकीर मात्र अजून तिथंच होती.

मुलीनं कॅमेरा हातात घेतल्याबरोबर काय केलं, तर समोरची नळी चिमटीत धरून बाहेर ओढली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. नळी कुरकुरत बाहेर आली. पुढच्या खोलीत माझी माय खाटेवर पडून होती. मायला आता ऐकू कमी येतं. तरी मी उगाच दारापर्यंत जाऊन बघून आले.

हा कॅमेरा रशियन. अप्पांनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला. तेव्हा आम्ही औरादला होतो. आमचा भाग मैसूर राज्यात जाऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेरीत कानडी, शाळेत मराठी, बाजारात उर्दू आणि पलीकडच्या आळीत तेलुगू, असं आमचं गाव. अप्पा शाळेत गणित शिकवायचे. गावात फोटो काढणारा कुणी नव्हता, म्हणून त्यांनी तो मान स्वतःकडे घेतला.

त्याच्या पाठीला दोन बारकी भोकं आहेत. एका भोकातून बघितलं की समोरचा माणूस दोन दिसतो. एक खरा आणि त्याला चिकटून उभा असलेला दुसरा, फिकट पिवळसर. लेन्सची कडी फिरवत गेलं की हा फिकट माणूस सरकत सरकत खऱ्यावर जाऊन बसतो. बसला की अंतर जुळलं. मग डोळा दुसऱ्या भोकाला लावायचा, त्यात चौकट दिसते. पण ही दोन्ही भोकं लेन्सच्या वर आहेत. लेन्स स्वतः काय बघते आहे ते फोटो काढणाऱ्याला कधीच दिसत नाही. लेन्सवर झाकण राहिलेलं असो, बोट आलेलं असो, भोकातून सगळं लख्ख दिसतं. माणूस फसतो तो इथं.

आणि नळी. लेन्स एका नळीत बसवलेली होती आणि ती नळी कॅमेऱ्याच्या पोटात ढकलता यायची, म्हणजे तो कोटाच्या खिशात मावायचा. फोटोच्या वेळी ती बाहेर ओढून जरा पिळायची. ‘टक’ असा आवाज आला की बसली. नळी आत असताना बटण दाबलं तरी बटण दाबलं जातं, रीळ पुढे सरकतं, सगळं यथासांग होतं. फोटो तेवढा येत नाही.

अप्पांनी आणला तेव्हा त्याच्यात आणखी एक खोड निघाली. बाजारवाल्यानं एका कॅमेऱ्याच्या अंगावर दुसऱ्याच कॅमेऱ्याची लेन्स पिळून बसवली होती. आटे जुळत होते, मनं जुळत नव्हती. भोकात दोन्ही माणसं नीट एकावर एक बसायची आणि फोटोत मात्र मागची भिंत स्पष्ट यायची. अप्पांनी हे दुरुस्त करायचं मनावर घेतलं आणि त्यासाठी त्यांना अंगणात पुन्हा पुन्हा उभं करायला कुणीतरी हवं होतं. ती मी.

“अक्का, त्या रांजणापुढं थांब,” ते म्हणायचे. घरात मला सगळे अक्काच म्हणायचे, धाकटी बहीण म्हणायची म्हणून. “हालू नको ग. अजून दोन दिसायलीस.”

मी उभी राहायची. उन्हानं डोळ्यांत पाणी यायचं, पायाखाली फरशी तापायची, रांजणाच्या ओल्या मातीचा वास मानेवर यायचा. रीळ बीदरहून धुऊन यायचं तेव्हा फोटोत रांजण असा काही सुरेख आलेला असायचा की त्याच्यावरची शेवाळाची रेघसुद्धा दिसावी, आणि त्याच्यापुढे मी, नाक ना डोळे. बऱ्याच रिळांनंतर अप्पांनी एका पोस्टकार्डाची बारीक चकती कापली, लेन्स पिळून काढून तिच्या आणि कॅमेऱ्याच्या मध्ये ती घातली आणि लेन्स परत पिळली. त्या दिवशी पहिल्यांदा मी फोटोत आले आणि रांजण पुसट झाला. अप्पा इतके खूश झाले की त्यांनी मला उचलून घेतलं. मला तेव्हा वाटलं, मी चांगली दिसते म्हणून.

कमल ओट्यावरून हे सगळं बघत बसायची. माझ्याहून दीड वर्षानं धाकटी, पण उंचीला माझ्याएवढी. नाक तेच, ओठ तेच, कपाळ तेच. फरक होता तो रंगाचा. ती मायवर गेली होती, गव्हाच्या सोजीसारखी. मी अप्पांच्या आईवर, म्हणजे तव्यावर. गावातल्या बायका आमच्याकडे बघून हळहळायच्या आणि ती हळहळ माझ्यासाठी असायची.

“अप्पा, माझा बी काढा की,” ती म्हणायची.

तेवढ्यात माय आतून यायची आणि तिचा दंड धरून तिला ओढून न्यायची. मायचं ठाम मत होतं की ती नळी माणसाचं आयुष्य ओढून घेते. बाहेर आली की वास घेते आणि ज्याच्यावर रोखली त्याचं थोडं थोडं काढून घेऊन पोटात ठेवते. म्हणून घरात कॅमेरा ठेवायचा तर नळी आत ढकलून ठेवायची, असा नियम होता. अप्पा गणिताचे मास्तर, पण त्यांनीही तो मोडला नाही. घरात शांतता असलेली बरी, असं म्हणत ते नळी आत घालायचे.

“मग अक्काचा काढलेला चालतो व्हय?” कमल विचारायची.

“तिला काय व्हायलंय,” माय म्हणायची. “ती दगड हाय.”

हे ती रागानं म्हणायची नाही. भाकरीच्या पिठात पाणी घालता घालता, कुणी विचारलं म्हणून सांगावं तसं म्हणायची. आणि मला त्यात, खोटं कशाला सांगू, थोडा अभिमानही वाटायचा. गावातल्या सगळ्या पोरींत फक्त माझेच एवढे फोटो होते.

येळवशीला आम्ही कमठाण्याला जायचो, मामाच्या शेतात. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्या भागात घरात चूल पेटवायची नसते, रात्रीच रांधून सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, आणि मग भज्जी, आंबील, उंडे, ज्वारीची भाकरी. आंबिलीचं मडकं ओल्या फडक्यात गुंडाळलेलं असायचं, त्या फडक्याचा आंबूस वास मला अजून कुठंही आला तरी मी थांबते. उभ्या ज्वारीतून वारा सळसळत यायचा. जेवणं झाली की अप्पा सगळ्यांना कोपीपुढं रांगेत बसवायचे. मामा पटका सारखा करायचे, मामी हसू दाबायची. मी पुढे मधोमध. आणि माय कमलला मांडीवर घेऊन तिच्या तोंडावरून पदर ओढून घ्यायची. त्या फोटोत आजही सगळे आहेत, मामांचा बैलसुद्धा आहे, आणि मायच्या मांडीवर लुगड्याचा एक गोळा आहे. त्या गोळ्याखाली कमल हसत होती. तिचं हसू मला माझ्या पाठीशी ऐकू येत होतं.

मला कमल आवडायची. हे सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणाला वाटेल की मी तिचा हेवा करायची. हेवा मी करायचीच, पण तो तिच्या मांडीचा होता, म्हणजे ती ज्या मांडीवर बसायची त्या मांडीचा. तिचा नाही.

अप्पांना गावात बोलावणी यायची ती बहुतेक मयताची. ज्याचा जन्मात कधी फोटो निघाला नाही त्याचा मेल्यावर तरी निघावा, अशी आमच्याकडे पद्धत. म्हाताऱ्याला आंघोळ घालून, नवा पटका बांधून भिंतीला टेकवून बसवायचं, दोन बाजूंनी लेकांनी खांदे धरायचे आणि गुरुजींना बोलवायचं. अप्पा जायचे. माणूस हालत नाही, त्यामुळे मयताचा फोटो सगळ्यात सोपा, असं ते एकदा मामांना म्हणाले होते आणि दोघंही हसले होते. लोकांना मात्र नळी मयताकडे रोखलेली आवडायची नाही. म्हणून अप्पा ती आत ठेवूनच घरात शिरायचे आणि अगदी बटण दाबायच्या आधी बाहेर ओढायचे.

श्रावण संपता संपता कमल गेली. कशानं गेली, कुणी काय करायला हवं होतं, यावर त्या घरात पुढे जन्मभर बोलणं झालं, त्यातलं मला काही नको आहे. मला आठवतो तो नव्या परकराचा आवाज. पंचमीला मायनं आम्हा दोघींना एकाच ताग्यातून परकर-पोलकं शिवलं होतं, हिरवं, पिवळ्या काठाचं. ते कमलला घालताना कापडातली खळ कुरकुरत होती. बाहेर लिंबाचा पाला जाळला होता, त्याचा धूर ओट्यावरून घरात येत होता आणि कुणीतरी सारखं नाक शिंकरत होतं.

“फोटो काढून ठेवा गुरुजी,” शेजारच्या मावशी म्हणाल्या. “पोरीचा एक बी फोटो न्हाई.”

अप्पांनी कॅमेरा आणला. सवयीनं नळी बाहेर ओढली असावी, कारण माय एकदम उठून त्यांच्या अंगावर गेली.

“ते तिच्यावर रोखायचं न्हाई. आत घाला आधी. आत घाला.”

“घातली, बघ, घातली,” अप्पा म्हणाले आणि तळहातानं नळी आत दाबली.

बायकांनी मायला धरून बसवलं. मावशी तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. आता तिचं काय वढून न्यायचं राहिलंय, म्हणाल्या. मला वाटतं ते मायला पटलं. तिनं कमलला मांडीवर घेतलं, आणि या वेळी पदर बाजूला केला. “काढा,” म्हणाली. अप्पांनी डोळा भोकाला लावला. फिकट कमल सरकत सरकत खऱ्या कमलवर नेऊन बसवली. मग दुसऱ्या भोकाला डोळा लावून बटण दाबलं. मायसोबत एक, आणि भिंतीला टेकवून एकटीचा एक. मग लोकांनी तिला नेलं. तिथं असलेल्या कुणाच्याही लक्षात आलं नाही की नळी आतच होती.

मायनं जेवण सोडलं. “फोटो येऊ द्या, मग जेवते,” एवढंच म्हणायची. पाणी प्यायची, खाटेवर दाराकडे तोंड करून बसायची. अप्पा बीदरला जाऊन रीळ धुऊन घेऊन आले तेव्हा तिनं नुसतं बघितलं. “अजून वाळायलंय,” ते म्हणाले. ती निगेटिव्ह मी मोठी झाल्यावर उजेडाला धरून बघितली आहे. तिच्यात माय नाही, कमल नाही, भिंत नाही. पाण्यात ताक ओतावं तसं काहीतरी आहे.

अप्पा संध्याकाळपर्यंत पाय न धुता ओट्यावर बसून होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. ते मला शाळेत घेऊन गेले. सोबत पिशवी होती. तिच्यात माझं पंचमीचं परकर-पोलकं, कागदात बांधलेली मायच्या डब्यातली पावडर, कुंकू, आणि कॅमेरा. शाळा बंद होती. वर्गात खडूचा आणि पोरांच्या घामाचा शिळा वास होता, भिंत आमच्या घराच्या भिंतीसारखीच चुन्याची. अप्पांनी माझ्या तोंडाला, मानेला, हातांना पावडर लावली. एवढी लावली की मला शिंका आल्या. रंगाचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. नाक आणि ओठ आधीच सोडवलेले होते.

“डोळे मीट,” अप्पा म्हणाले.

“मिटले.”

“मान जरा सोड. अशी न्हाई.” ते जवळ आले, त्यांनी माझी हनुवटी हातानं खाली केली, केस कपाळावरून सारखे केले. त्यांचा हात कधी नव्हे इतका हलका लागत होता. “जरा मेल्यागत बस, बाळ.”

मी बसले. कमलची मान कशी पडली होती ते मी बघितलं होतं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला कधी काम मिळालं नाही, पण हे मी चांगलं केलं. नळी बाहेर आल्याचा आवाज आला, मग ‘टक’. मग पुन्हा ती आत गेली आणि पुन्हा बाहेर आली, पुन्हा ‘टक’. माझ्या ओठावर माशी येऊन बसली तरी मी हालले नाही. बटणाचा आवाज झाला. डोळे उघड असं कुणी म्हणालं नाही म्हणून मी तशीच बसून राहिले. शेवटी मीच उघडले तेव्हा अप्पा बाकावर बसून रडत होते.

“झालं का?” मी विचारलं.

“झालं,” ते म्हणाले. वाटेत त्यांनी मला विहिरीवर तोंड धुवायला लावलं आणि पायरीवर उकिडवं बसून माझे दोन्ही हात धरले. “मायला कळलं तर ती जगायची न्हाई. जन्मात बोलायचं न्हाई.”

तो अप्पांच्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो आहे. पापणीचा केस न् केस मोजता यावा. मायनं तो हातात घेतला, दारातल्या उजेडात नेला आणि बराच वेळ बघितला. मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता संपलं. पण ती उठली, फोटो देवळीत ठेवला आणि म्हणाली, “भाकरी टाकते, बसा.” त्या दिवशी आम्ही सगळे जेवलो.

फोटोला चौकट आली, भिंतीवर खिळा आला, खिळ्याला हार आला. मायनं एकही दिवस चुकवला नाही. झेंडू असेल तर झेंडू, नाहीतर तगर, उन्हाळ्यात काहीच मिळेना तर तुळशीच्या मंजिऱ्या. काचेवर, माझ्या कपाळाला, ओलं कुंकू. सणाला पुरणपोळीचं पहिलं ताट फोटोपुढे जायचं आणि तोवर मी मागे थांबायची. माझ्याच तोंडापुढे ताट ठेवलेलं, आणि माझ्याच पोटात कावळे ओरडत असलेले. कधी कधी मला हसू यायचं. माय म्हणायची, “बहिनीच्या फोटोपुढं हसायलीस, लाज न्हाई?”

घरी आलेल्या बायका फोटोपुढे थांबायच्या. काय गोड पोर होती, म्हणायच्या. मग माझ्याकडे वळून बघायच्या आणि म्हणायच्या, हिच्यावर न्हाई गेली ही. मी परकरातून साडीत आले, शाळा संपवली, बीदरच्या कॉलेजात गेले. भिंतीवर मी होते तेवढीच राहिले. एकदा उदगीरकडचे लोक मला बघायला आले होते. मुलाच्या आईला मी चहा दिला तर तिचं लक्ष भिंतीवर. ही कोण, म्हणाली. धाकटी, गेली, अप्पा खाली बघत म्हणाले. “काय नाक हो, काय ओठ,” ती बाई म्हणाली. “ही असती तर आम्ही हिलाच मागनी घातली असती.” मग तिच्या ध्यानात आलं असावं, कारण माझ्याकडे बघून म्हणाली, “ही बी बरी हाय.” मी ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत निघून आले. त्यांना वाटलं, पोरगी घाबरली. अप्पा उठून बाहेर तपकीर ओढायला गेले. पुढे अप्पांनीच त्या लोकांना नकार कळवला तेव्हा मी कारण विचारलं नाही.

अप्पांना मी वचन दिलं होतं आणि ते पाळलं. पण मनात एकच गोष्ट होती, लहानपणापासून. तिनं एकदा ओळखावं. रोज सकाळी ती हार घालताना तिचं तोंड त्या काचेपासून वीतभर अंतरावर असायचं. आणि मी मागे उभी राहून वाट बघायची की आज तिचा हात थांबेल, आज ती वळेल आणि म्हणेल, अग, ही तर तू आहेस. मग ती रडेल, चिडेल, अप्पांना शिव्या देईल, फोटो फोडेल, काय वाटेल ते करेल, पण मला बघेल. तिनं फोटोवरून जेवढ्या वेळा हात फिरवला तेवढ्या वेळा माझ्या तोंडावरून फिरवला असता तर मी जरा उजळ झाले असते, असंही वाटायचं. हे वाटणं वेडेपणाचं होतं. ते वय वाढलं म्हणून गेलं नाही.

माझं लग्न बीदरमध्ये झालं, मुलींच्या शाळेत नोकरी लागली. अप्पा गेल्यावर मायला दुसरं कोण होतं. ती माझ्याकडे आली, एक ट्रंक आणि लुगड्यात गुंडाळलेला फोटो घेऊन. आल्या आल्या तिनं पाणी मागितलं नाही, खिळा मागितला. नवऱ्यानं पुढच्या खोलीत खिळा ठोकून दिला. फोटो सरळ करताना तो म्हणाला, “तुझ्या बहिणीचं नाक अगदी तुझ्यासारखं होतं.” मी म्हटलं, “हो, लोक म्हणतात.” माझी मुलगी त्या फोटोखाली रांगली, त्या फोटोखाली तिनं पाढे पाठ केले. गेल्या दिवाळीपासून मायच्याने उठवत नाही. तेव्हापासून हार मी घालते. चौबाऱ्याच्या बुरुजाजवळ फुलवाला बसतो, शाळेतून येताना घेते. माझ्याच गळ्यात हार घालून मी हात जोडते आणि माय खाटेवरून बघते, सरळ बसलाय का.

तर त्या दिवशी दुपारी मी मायला दूधभात भरवत होते आणि मुलगी कॅमेरा घेऊन खोलीत आली. नळी बाहेर. भोकाला डोळा लावून ती म्हणाली, “आई, मजा बघ, आजी दोन दिसते.” मग कॅमेरा माझ्याकडे देऊन स्वतः आजीच्या खाटेजवळ उभी राहिली. “आता तू बघ. मला एक करून दाखव.”

मायनं भातानं भरलेलं तोंड बाजूला केलं. “पोरीला त्याच्यापुढं उभं करू नको.” आवाज खणखणीत होता. “आत घाल ते. हिचा कुनी काढायचा न्हाई.”

“आजी, आत रीळच नाही,” मुलगी हसत म्हणाली आणि कॅमेरा हिसकून घेऊन मैत्रिणीला दाखवायला पळाली. बाहेरचं फाटक वाजलं. खोलीत आम्ही दोघी राहिलो. माझ्या हातात वाटी होती. मी काही ठरवून बोलले नाही.

“माय, मला तर उभं करू द्यायचीस त्याच्यापुढं.”

“तू दनकट होतीस,” माय म्हणाली.

मी घास दिला. तिनं तो सावकाश गिळला. दात नसल्यामुळे तिला वेळ लागतो. मग हनुवटीनं भिंतीकडे खूण करून म्हणाली, “त्यात बी तूच हाईस की.”

बाहेर रस्त्यावरून बस गेली, तिची धडधड खिडकीच्या काचांत थोडा वेळ राहिली.

“तुला कवापासून ठाऊक हाय?” मी विचारलं. तिच्याशी बोलताना मी अजून औरादचीच होते.

“आनला त्याच दिवशी. मी माझ्या हातानं लेकीचं मेलेलं तोंड धुतलंय. मला कोन फसवायलंय?”

“अप्पांना न्हाई बोललीस.”

“बोलून काय व्हनार होतं? ते बिचारे रडत बसले असते.”

“मग हार कामून घालायचीस? इतकी वर्सं? माझा हाय हे ठाऊक असून?”

ती माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे आता पाणचट झाले आहेत, पण त्या वेळी तिला मी नीट दिसत होते, याची मला खात्री आहे. इतकं नीट तिनं मला कधी बघितलं नव्हतं.

“सांगू का तुला,” माय म्हणाली, “सकाळी हार घातला ना, की घडीभर वाटायचं, गेली ती ही. कमल हाय. भाईर खेळायली आसंल कुटंतरी.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “तेवढ्यावर दिवस जायचा बघ.”

मला तिचा राग आला. इतका की वाटी तिच्या अंगावर फेकावी असं वाटलं, आणि मग रडू आलं, आणि तेही नीट आलं नाही. माझं म्हणून जे काही तिनं आयुष्यात मनापासून केलं ते हा रोजचा हार, एवढंच होतं. ती तोंड उघडून वाट बघत होती. वाटीत अजून भात होता. मी पुढचा घास दिला, आणि त्याच्या पुढचा. तिनं सगळा संपवला. मी तिचं तोंड धुतलं, उशी सारखी केली.

ती भिंतीकडे बघत होती. तिथं कालचा हार होता, सुकलेला.

“आज फुलं न्हाई आनलीस?” तिनं विचारलं.

“आणलीत,” मी म्हणाले. पिशवीतून पुडा काढला, स्टुलावर चढले आणि हार बदलला.

“जरा डाव्या अंगाला,” माय म्हणाली. मी डाव्या अंगाला केला.